उधाणाची वीज

मृग लागला की नगरजवळच्या भिंगारला पावसाआधी वारा येतो. कॅम्पातल्या जुन्या झाडांचे शेंडे पूर्वेकडे झुकतात, पत्र्यांवरचे दगड पुन्हा नीट ठेवले जातात, आणि भरून आलेलं आभाळ न बरसताच पुढे निघून जातं. सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून जातो, तेव्हा आमच्या वाट्याला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर येतो. वारा मात्र पुरेपूर येतो. सुप्याच्या परिसरात कवड्या डोंगरावरच्या पवनचक्क्या जून ते ऑगस्ट ज्या वाऱ्यावर फिरतात, तोच नैर्ऋत्येचा वारा त्याआधी शेकडो मैल अरबी समुद्र घुसळून आलेला असतो. रत्नागिरीच्या खडकांवर आदळणारी लाट आणि पारनेरच्या डोंगरावर फिरणारं पातं, दोघांच्या मागे ताकद एकाच वाऱ्याची.

या वाऱ्यापासून आपण वीज करायला शिकलो, पण त्यानेच उठवलेल्या लाटेपासून शिकलो नाही. असं का झालं आणि आता काय करता येईल, हे या लेखात पाहायचं आहे. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्याने यात का पडावं, असं कुणी विचारेल. विजेचा प्रश्न घाटाच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा असा नसतो. अकोले तालुक्यातल्या घाटघरला नगर जिल्ह्यातलं पाणी बोगद्यातून कोकणात उतरतं, २५० मेगावॅट वीज देतं आणि मागणी कमी असेल तेव्हा पंपांनी पुन्हा वर चढवलं जातं. घाटमाथा आणि कोकण विजेने कधीच जोडले गेले आहेत.

१९८६ साली भारतात पहिले प्रात्यक्षिक पवनप्रकल्प उभे राहिले. गुजरातमध्ये ओखा, तमिळनाडूत तुतिकोरिन आणि महाराष्ट्रात रत्नागिरी. एकेक यंत्र ५५ किलोवॅटचं. पाच वर्षांनी, १९९१ मध्ये, केरळात तिरुवनंतपुरमजवळ विळिंजमला लाटेवर चालणारं १५० किलोवॅटचं यंत्र सुरू झालं. सुरुवातीला लाटयंत्र पवनचक्कीच्या मागे नव्हतं, उलट क्षमतेने जवळजवळ तिप्पट होतं. आज देशातली पवनऊर्जा ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली आहे. लाटांची वीज मात्र कुठल्याही गावाच्या बिलात येत नाही.

विळिंजमचा प्रयोग मुळात आपलाच होता, आणि तो विस्मरणात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. मद्रासच्या आयआयटीत १९८३ पासून त्यावर काम चाललं होतं आणि पैसा केंद्राच्या महासागर विकास विभागाचा होता. विळिंजमला मासेमारी बंदराचा लाटा अडवणारा बंधारा आधीपासून होता. त्याच्या पुढ्यात समुद्रतळावर काँक्रीटची सुमारे तीन हजार टनांची पोकळ पेटी बसवण्यात आली. पेटीचं तोंड पाण्याखाली समुद्राकडे उघडं आणि वरचं टोक निमुळतं. लाट आत शिरली की आतलं पाणी वर चढतं आणि त्यावरची हवा दाबून वरच्या भोकातून बाहेर फेकतं. लाट मागे सरली की पाणी खाली उतरतं आणि तीच हवा बाहेरून आत ओढली जाते. लोहाराचा भाता जसा श्वास घेतो आणि सोडतो, तसंच हे. त्या भोकात हवेवर फिरणारं चक्र बसवलेलं असतं आणि त्याला जनित्र जोडलेलं असतं. समुद्राचं पाणी चक्राला शिवतच नाही, ही या रचनेतली सर्वात शहाणी गोष्ट.

हवा कधी बाहेर जाणार, कधी आत येणार, मग चक्र उलटसुलट फिरणार नाही का? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातले ॲलन वेल्स यांनी १९७०च्या दशकात यावर तोड काढली. त्यांच्या चक्राची पाती दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराची असल्यामुळे हवा कुठूनही आली तरी चक्र एकाच दिशेने फिरतं. विळिंजमला हेच वेल्सचं चक्र होतं. एप्रिल ते नोव्हेंबर सरासरी ७५ किलोवॅट आणि डिसेंबर ते मार्च २५ किलोवॅट मिळतील, असा आराखडा होता.

प्रत्यक्षात अडचण विजेच्या स्वभावात निघाली. दर आठ-दहा सेकंदांनी लाट येते. तेवढ्या वेळात वीज उसळून वर जाते आणि जवळपास शून्यावर उतरते. मोठी लाट आली की हवेचा झोत इतका वाढतो की वेल्सच्या चक्राची पकडच सुटते, आणि लाट लहान असेल तर ते पुरेसा वेग धरत नाही. पुढे चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली (१९९३), आणि आयआयटीत या प्रकल्पावर काम केलेले एम. रवींद्रन तिचे पहिले संचालक झाले. या संस्थेच्या काळात विळिंजमला वेगळ्या बनावटीची चक्रं लावून पाहिली गेली. २००४ च्या सुमारास एक खरोखर उपयोगी पाऊल उचललं गेलं. लाटेची वीज तारेत न घालता तिच्यावर खारं पाणी गोडं करण्याचं यंत्र चालवलं गेलं, दिवसाला १० हजार लिटर क्षमतेचं. दहा हजार लिटर म्हणजे एक टँकर. नगर जिल्ह्यात एका टँकरची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

पाणी साठवता येतं, हे त्यातलं मर्म. वीज क्षणाक्षणाला सारखी असावी लागते, पण टाकीत पडणारं पाणी तासभर जास्त, तासभर कमी पडलं तरी कुणाचं बिघडत नाही. विळिंजमने हा धडा वीस वर्षांपूर्वी दिला आणि आपण तो पुढे नेला नाही. २०११ च्या सुमारास प्रकल्पच थांबला. त्यानंतर त्या धर्तीचं दुसरं, तिसरं, चौथं यंत्र आपण कुठेही उभारलं नाही. पवनचक्कीचं तसं झालं नाही. तिला ठिकठिकाणी वारा मोजणारे मनोरे मिळाले, चेन्नईत स्वतंत्र संस्था मिळाली, घसाऱ्याची करसवलत मिळाली, ठरलेला दर मिळाला. पहिली यंत्रं मोडली तेव्हा दुसरी उभी करायला कुणीतरी तयार होतं. माझ्या मते दोघांच्या नशिबातला अर्धा फरक इथे पडला.

उरलेला अर्धा फरक समुद्राने पाडला. लाटेची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाने वाढते, म्हणजे उंची दुप्पट झाली की ताकद चौपट होते. खोल पाण्यातला ढोबळ हिशेब असा: उंचीचा वर्ग गुणिले दोन लाटांमधले सेकंद, भागिले दोन. त्यातून लाटेच्या दर मीटर रुंदीमागे किती किलोवॅट आहेत ते कळतं. जानेवारीतली एक मीटरची, सहा सेकंदांची लाट तीन किलोवॅट देते. जुलैतली तीन मीटरची, नऊ सेकंदांची लाट चाळीस. आणि चक्रीवादळातली सात मीटरची, बारा सेकंदांची लाट जवळपास तीनशे. यंत्राने कमाई करायची तीन ते चाळीसवर आणि टिकून राहायचं तीनशेपुढे. तीनशे सोसेल इतकं भक्कम केलं की खर्च कमाईच्या पलीकडे जातो. चाळीसपुरतं केलं की पहिल्या वादळात ते मोडतं. त्यात खारी हवा लोखंड खाते, शिंपले चिकटतात, आणि पावसाळ्यात दुरुस्तीला होडी न्यायची सोय नसते.

हा अनुभव जगभरचा आहे. लाटेच्या यंत्राचं पेटंट जिरार नावाच्या फ्रेंच पितापुत्रांनी १७९९ मध्येच घेतलं होतं. जपानच्या योशिओ मासुदांनी समुद्रातल्या दिव्यांच्या तरंड्यांना लाटेची वीज दिली, आणि ते काम यशस्वी झालं, कारण गरज एका दिव्यापुरती होती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर एडिंबरोच्या स्टीफन सॉल्टर यांनी लाटेवर मान डोलावणाऱ्या 'बदका'ची कल्पना मांडली. ब्रिटिश सरकारने सुरुवातीला हात दिला आणि १९८२ मध्ये काढून घेतला. २००८ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यावर 'पेलामिस' नावाची तीन लांबलचक तरंगती यंत्रं सव्वादोन मेगावॅटची घोषणा करत उतरली, ती काही महिन्यांतच बंदरात परत आणावी लागली. २०१४ मध्ये ती कंपनी बुडाली.

या सगळ्या पडझडीत एक यंत्र शांतपणे चालत राहिलं, आणि कोकणाने बघायचं ते हेच. स्पेनच्या बास्क प्रांतात मुत्रिकु नावाचं लहानसं मासेमारी गाव आहे. बंदर वाचवण्यासाठी तिथे लाटा अडवणारी भिंत बांधायचीच होती. त्या भिंतीच्या एका भागात पोकळ कप्पे ठेवले गेले, विळिंजमसारखेच, आणि २०११ मध्ये त्यांत सोळा लहान चक्रं बसली. एकूण क्षमता २९६ किलोवॅट. समुद्रात तरंगणारं, दोरखंडाने बांधलेलं काहीच नाही. चक्र बिघडलं तर माणूस भिंतीवर चालत जाऊन दुरुस्त करतो. २०२० च्या सुरुवातीपर्यंत या भिंतीने सुमारे वीस लाख युनिट वीज दिली होती. साडेआठ वर्षांच्या तासांनी भागलं तर सरासरी जेमतेम २७ किलोवॅट पडते. पाटीवर २९६ आणि हाती २७, हे आकडे लाटेच्या विजेबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने समोर ठेवले पाहिजेत.

पण २७ किलोवॅट म्हणजे गावाला काय, तेही पाहू. दिवसाला साडेसहाशे युनिट. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरावर ऑगस्टात बोटी निघतात तेव्हा धक्क्यावरची पहिली लगबग बर्फाची असते. कारखान्यातून आलेल्या लाद्या यंत्रात घालतात, खडखडाट होतो, आणि भुगा घसरगुंडीवरून थेट बोटीच्या खणात उतरतो. खलाशी फावड्याने तो कोपऱ्यापर्यंत लोटतात. बर्फ कमी पडला तर दोन दिवसांनी परत आलेल्या मासळीचा भाव पडतो, दुसरं काही बिघडायची गरजच नसते. टनभर बर्फाला ढोबळमानाने साठ-सत्तर युनिट लागतात. म्हणजे ती भिंत रोज नऊ-दहा टन बर्फ देईल. किंवा लहान यंत्राला हजार लिटर समुद्राचं पाणी गोडं करायला सहा युनिट लागतात असं धरलं, तर रोज लाखभर लिटर पाणी, दहा टँकर. राज्याच्या वीज कंपन्यांना या आकड्यांचं सोयरसुतक नसेल. बंदरातल्या वस्तीला ते पुरेसे आहेत.

महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटरचा. राज्याच्या महाऊर्जा संस्थेच्या पाहणीत वेंगुर्ला रॉक, मालवण रॉक, रेडी ही समुद्रातली ठिकाणं आणि किनाऱ्यावर पावस, रत्नागिरी, गिर्ये ही नावं पुढे आली. वर्षाची सरासरी मीटरमागे पाच ते आठ किलोवॅट, आणि पावसाळ्यात वीसपर्यंत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बुधलला पंधरा-वीस किलोवॅटच्या प्रात्यक्षिक प्रकल्पाचाही विचार झाला. सगळ्या किनाऱ्यावर मिळून पाचशे मेगावॅट निघतील, असा अंदाज सरकारी कागदांत आहे. तो मला पटत नाही. मुत्रिकुचा अनुभव पाहता पाटीवरचे पाचशे हाती येताना पन्नासच्या आसपास येतील. आणि आयआयटी मद्रास व क्रिसिलच्या २०१४ च्या अभ्यासात देशभराच्या लाटांसाठी जो ४१,३०० मेगावॅटचा आकडा आहे, तो तर समुद्रात आहे तिथेच राहणारा आहे. मोठ्या आकड्यांनी लाटेच्या विजेचं नुकसानच केलं आहे. त्यांच्याकडे पाहून माणूस मेगावॅटची स्वप्नं बघतो, आणि किलोवॅटचं खरं काम बाजूला राहतं.

आता खरी अडचण. कोकणातली लाट आणि कोकणाची गरज यांचं वेळापत्रक जुळत नाही. केरळच्या दक्षिण टोकाला दक्षिण महासागरातून येणाऱ्या लांब लाटा वर्षभर पोचतात, रत्नागिरीला त्यांचा जोर तेवढा नसतो. लाटा जोरात असतात त्या जून आणि जुलैत मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, बर्फाचे कारखाने थंड. पाण्याची टंचाई मार्च ते मे, आणि त्या काळात समुद्र बराच शांत. म्हणजे लाटेवर पाणी गोडं करू हा विचार कोकणात जसाच्या तसा चालणार नाही. ज्यांना हे सांगायचं नसतं, त्यांच्या प्रकल्प अहवालावर विश्वास ठेवू नये.

तरीही मी लाटेची बाजू घेतो, आणि ती पावसाळ्यासाठीच घेतो. कोकणात सूर्य जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जातो तो जवळजवळ सप्टेंबरपर्यंत धड दिसत नाही. आठ महिने छपरावरच्या सौरपट्ट्या उत्तम काम करतात, मार्च-एप्रिल-मेमध्ये तर पाणी गोडं करायलाही त्याच कामी येतील. उरलेल्या काळात त्यांची वीज बरीच घटते, आणि नेमक्या त्याच काळात झाडं तारांवर पडतात, खांब झुकतात, गाव अंधारात जातं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. ऐन वादळात लाटयंत्र बंदच ठेवावं लागेल, ते तेव्हाही चालेल असा आव आणू नये. वादळ ओसरल्यावर मात्र पुढचे आठवडे समुद्र खवळलेलाच असतो. तेव्हा आरोग्य केंद्राचा लसींचा फ्रीज, पाणीपुरवठ्याचा पंप, मोबाइलचा मनोरा आणि धक्क्यावरचे दिवे यांना पुरेल इतकी वीज गावातल्या गावात तयार होत असेल, तर तिची किंमत युनिटच्या दरात मोजता येत नाही. सूर्य आठ महिने, लाट चार महिने, मध्ये बॅटरी. ऑगस्टात बोटी सुटल्यावर समुद्र अजून खवळलेला असतो, तेव्हा बर्फालाही ती वीज लागेल.

यंत्र बसवायचं ते भिंतीत, समुद्रात तरंगतं नव्हे. हे मी केवळ खर्चापोटी म्हणत नाही. डोल जाळी लावणाऱ्याला, गिलनेट सोडणाऱ्याला समुद्रात कुणाचा साखळदंड कुठे आहे याची चिंता करावी लागली, तर ती वीज त्याच्या नावावर आणि त्याच्याच पोटावर येईल. नव्या बंदरांचं हे समर्थनही नव्हे. वाढवण बंदराला मच्छीमारांनी घेतलेले आक्षेप विजेच्या मोहाने पुसले जात नाहीत. मी बोलतोय ते लहान मासेमारी बंदरांच्या संरक्षक भिंतींबद्दल, ज्या मच्छीमारांनीच मागितल्या आहेत आणि ज्यांची कामं सरकार एरवीही काढतंच.

अशा भिंतींचं बरंचसं गणित भिंगारपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, समुद्राचं दर्शनही नसलेल्या खडकवासल्यात केलं जातं. १९१६ पासून चालत आलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात मोठ्या हौदांत बंदरांच्या प्रतिकृती बांधतात, यंत्राने लाटा सोडतात, आणि दगड कुठे ढासळतो ते पाहतात. भिंत कशी टिकेल हे तपासणाऱ्यांनाच, तिच्यात चार पोकळ कप्पे ठेवले तर काय होईल, हेही तपासायला सांगता येईल. लाटांची नोंदही आपल्याकडे आहे. हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राचे लाटामापी तरंडे किनाऱ्यावर आहेत, रत्नागिरीसमोरही. मच्छीमारांच्या मोबाइलवर उंच लाटांचे जे इशारे येतात ते याच केंद्राचे. विद्या आहे, नोंद आहे, भिंती आहेत. या तिघांना एका टेबलावर बसवणारं कुणी नाही.

हालचाल अगदीच नाही असं नाही. २०१९ मध्ये केंद्राने सागरी ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जा म्हणून मान्यता दिली. २०२२ मध्ये आयआयटी मद्रासचे प्रा. अब्दुस समद यांच्या गटाने तुतिकोरिनजवळ किनाऱ्यापासून सहा किलोमीटरवर 'सिंधुजा-१' हे लहान तरंगतं यंत्र उतरवलं, शंभर वॅटचं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत पेट्रोलियमने इको वेव्ह पॉवर या इस्रायली कंपनीशी मुंबईत शंभर किलोवॅटच्या प्रकल्पासाठी करार केला. त्यांची यंत्रं धक्क्याला किंवा भिंतीला जोडलेली असतात. तरंगते लाटेवर वरखाली होतात, दाबाखालचं द्रव जमिनीवरच्या जनित्राकडे जातं, आणि वादळ आलं की तरंगते वर उचलून ठेवतात. रचना योग्य दिशेची आहे. माझी शंका जागेबद्दल आहे. मुंबई बंदराचा आतला भाग मोकळ्या समुद्रापासून आडोशाला आहे, तिथे जुलैतही रत्नागिरीसारखी लाट येत नाही. तिथे वीज कमी निघाली, तर दोष लाटेच्या विजेवर जाईल आणि विळिंजमनंतरसारखी पुन्हा वर्षानुवर्षं गप्प बसण्याची पाळी येईल.

म्हणून मागणी तीन गोष्टींची. मुंबईच्या यंत्राने दर महिन्याला किती युनिट वीज दिली आणि किती दिवस ते बंद होतं, हे आकडे लोकांसमोर ठेवावेत, कमी असले तरी. कोकणातल्या पुढच्या कुठल्याही मासेमारी बंदराच्या भिंतीचा आराखडा खडकवासल्याला जाईल, तेव्हा त्यात पोकळ कप्प्यांचा पर्याय तपासल्याशिवाय मंजुरी देऊ नये. आणि पहिलं यंत्र बिघडलं तर दुसऱ्यासाठी पैसे त्याच अंदाजपत्रकात आधीच बाजूला ठेवावेत. रत्नागिरीची ५५ किलोवॅटची पवनचक्की एकटी पडली असती, तर कवड्या डोंगरावर आज एकही पातं फिरलं नसतं. मत्स्यव्यवसाय सोसायट्यांनी आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी बंदराच्या भिंतीची मागणी करताना हे कप्पेही मागून घ्यावेत. भिंत एकदा भरीव बांधली की ती पुन्हा पोकळ करता येत नाही.